हिरव्या गाडीचं हूड

उघडी गाडी घेणाऱ्या माणसाला हूड आवडत नाही, आणि सगळी रड तिथूनच सुरू होते. त्याला वाटतं, हूड म्हणजे छत्री. पाऊस आला की उघडायची, गेला की मिटून कोपऱ्यात टाकायची. अहो, छत्री नव्हे ती! कापड आहे. ताणून ठेवलं तर मापात राहतं, मिटून ठेवलं तर आखडतं. महिनाभर प्लॅस्टरमध्ये राहिलेला हात जसा पटकन सरळ होत नाही, तसं महिनाभर मिटलेलं हूड सरळ होत नाही. आणि ओलं मिटलं असेल तर विचारूच नका. हे मी इतक्या जणांना सांगितलं की माझं तोंड दुखलं. ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं, त्याला मात्र सांगितलं नाही. ती माझी चूक. ती मी कबूल करते, म्हणजे बाकीच्यांच्या चुका मोजताना मला कोणी अडवायला नको.

मी सुवर्णा. आमचा मळा नाशिकजवळ मखमलाबादला. झेंडू, शेवंती, मेथी, वांगी. वडलांचं नाव गोटीराम, आम्ही तात्या म्हणायचो. तात्यांचं मन मातीत रमलं नाही. त्यांनी नाशकातल्या द्वारका चौकाजवळ पत्र्याचं शेड घेऊन हुडांचं दुकान टाकलं. जीपची हुडं, ट्रॅक्टरच्या सीटा, रिक्षांचे पडदे. माझं लग्न ब्याण्णव साली कळवणला झालं आणि चौऱ्याण्णवला मी परत आले. का आले ते विचारू नका. त्याचा या गोष्टीशी संबंध नाही, आणि त्या माणसाचं नाव घ्यायची मला हौस नाही.

परत आल्यावर आई मळ्यात चल म्हणाली, तात्या दुकानात चल म्हणाले. मी दुकानात गेले. शिलाई मशीन मागच्या बाजूला, मध्ये गोणपाटाचा पडदा. पुढं सगळे ड्रायव्हर लोक, विड्या ओढत बसलेले. तात्या हसून म्हणायचे, "पुढं बाई दिसली तर गिऱ्हाइकाला वाटेल ब्लाउज शिवायचं दुकान आहे." मीही हसायचे. तेव्हा हसायला काही वाटत नव्हतं.

पंच्याण्णव साली देवळाली कॅम्पातून हिरवी गाडी आली. सोराबशेठ म्हणून एक म्हातारे पारशी गृहस्थ होते, त्यांची. विलायती, दोनच सीटा, लांब नाक, आणि इतकी बुटकी की आत बसून हात बाहेर काढला तर रस्त्याला लागावा. इंग्रजी नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही, आम्ही तिला हिरवीच म्हणायचो. तिचं हूड जीपसारखं नव्हतं. तीन थरांचं कापड, वर कॅनव्हास, मध्ये रबर, आत सुती. लोखंडी कमानींवरून ते ओढायचं, पुढं काचेच्या चौकटीवर पट्टीला अडकवायचं आणि कडेनं टिचबटणं लावायची. सोराबशेठ जातीनं समोर खुर्ची टाकून बसायचे आणि शिकवायचे. हूड नेहमी भर दुपारी चढवायचं, ऊन लागून कापड सैल झालं की. वर्षभर ते चढवूनच ठेवायचं, फिरायला जाताना उतरवायचं, आल्याबरोबर पुन्हा चढवायचं. ओलं कधी मिटायचं नाही. मागच्या प्लॅस्टिकच्या काचेला घडी पडू द्यायची नाही, मध्ये मऊ फडकं घालायचं. बटण घट्ट झालं तर कापड ओढायचं नाही, आधी मागची बटणं सोडायची.

तात्या ऐकायचे आणि मान डोलवायचे. लक्षात मी ठेवायचे. कारण कमानींखाली शिरून खडूच्या खुणा मीच करायचे. माप घेताना दारं लावलेली हवीत, चारी चाकांत हवा हवी, गाडी सपाट जागी उभी हवी. आणि कापताना मापाला एक बोट कमी कापायचं, उरलेलं उन्हात ताणून मिळवायचं. ते एक बोट म्हणजे सगळी कला. मला ती आली. तात्यांना माझ्याइतकी आली नव्हती, हे त्यांनी एकदा मला सांगितलं. फक्त मला.

नव्व्याण्णवला तात्या गेले. ज्ञानेश, माझा धाकटा भाऊ, दुकानाच्या गल्ल्यावर बसला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्याला मी कडेवर खेळवलाय. पोरगा गोड बोलतो, गिऱ्हाईक त्याच्यावर खूश असतं. पण शिलाई? शिव शिव! सरळ रेषेत चार वीत टाके घालता येत नाहीत त्याला. म्हणून तो बोलायचा आणि मी शिवायचे. दुकानावर नवा बोर्ड आला, 'ज्ञानेश हूड वर्क्स'. मी म्हटलं, "ज्ञाना, माझं नाव कुठंय?" तो म्हणाला, "लिहू ना ताई, पुढच्या वेळी रंगवताना." बोर्ड त्यानंतर दोनदा रंगवला.

खोटं कशाला बोलू, त्यानं मला कधी उपाशी ठेवलं नाही. भाऊबिजेला साडी आणायचा, माझ्या पसंतीचा रंग विचारून. दुखलं खुपलं तर डॉक्टरकडे न्यायचा. लोक म्हणायचे, परत आलेल्या बहिणीला भाऊ किती सांभाळतो बघा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कोण कोणाला सांभाळतंय, हे पडद्यामागं येऊन बघितलं असतं तर कळलं असतं.

दोन हजार चार साली सोराबशेठ वारले आणि हिरवी निफाडच्या रंगनाथरावांनी घेतली. सगळे त्यांना नाना म्हणतात. मोठे द्राक्षबागायतदार, कंटेनर भरभरून माल परदेशात पाठवणारे. माणूस वाईट नाही, फक्त आपल्याला कोणी काही शिकवावं याची त्यांना सवय राहिलेली नाही. हिरवीचं जुनं हूड तोवर विरलं होतं. नवं शिवायला गाडी दुकानात आली.

नाना आणि ज्ञानेश मिसळ खायला गेले तेव्हा मी माप घेतलं. अकरा दिवस शिवत होते. बाराव्या दिवशी भर दुपारी ज्ञानेशला दुसऱ्या बाजूनं धरायला लावून मी ते हूड चढवलं आणि नाना यायच्या आत पडद्यामागं गेले. असं बसलं होतं म्हणता! टिचकी मारली तर टण्ण वाजावं. एक सुरकुती नाही. नानांनी गाडीभोवती तीन चकरा मारल्या आणि म्हणाले, "ज्ञानेश, तुझ्या हातात जादू आहे रे." आणि ज्ञानेशनं चक्क आपल्या हाताकडे बघितलं. गोणपाटाच्या फटीतून मला दिसलं. मला इतका राग आला की हातातली कात्री मी मशीनवर आपटली. बाहेर कोणाला ऐकू गेलं नाही, तेव्हाच एक ट्रक जात होता.

मग नानांनी विचारलं, "आता याची काळजी काय घ्यायची, ते सांग."

हाच प्रश्न ते विचारणार, हे ओळखून सकाळी मी ज्ञानेशकडून पाचही गोष्टी घोकून घेतल्या होत्या. चढवून ठेवायचं, ओलं मिटायचं नाही, सगळं. आणि हा शहाणा म्हणाला, "काही नाही नाना, बिनधास्त वापरा. आपलं काम आहे ते."

मी पाच पावलांवर उभी होते. पडदा बाजूला करून बाहेर यायचं आणि सांगायचं, एवढंच होतं. पण मी आले असते तर नाना म्हणाले असते, ह्या कोण? मग ज्ञानेशला सांगावं लागलं असतं. त्याचं तोंड उतरलं असतं. मी भावाच्या तोंडाचा विचार केला आणि मूग गिळून बसले. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढच्या वर्षी, पावसाळा संपत आला तेव्हा, ज्ञानेश एकदा जेवताना एकदम म्हणाला, "ताई, नशीब उघडलं." मुंबईचे एक दीपकशेठ, नानांचे ओळखीचे. त्यांच्याकडे जुन्या बारा गाड्या, सगळ्या उघड्या. त्यांनी नानांकडे हिरवीचं हूड बघितलं होतं. जानेवारीत नाशकात जुन्या गाड्यांचा मेळावा होता, तिथं ते येणार होते. डोळ्यांसमोर हूड उतरवून-चढवून दाखवायचं. नीट बसलं तर बाराच्या बारा गाड्यांची हुडं आपल्याकडे.

"आणि या वेळी मी सांगणार," ज्ञानेश म्हणाला. "शिवते ती माझी बहीण, असं सगळ्यांसमोर सांगणार. आईची शपथ."

"माझी शपथ कशाला घेतो रे मेल्या?" आई म्हणाली. "मी काय लय जड झालीये व्हय? सोताची घे की."

आम्ही हसलो. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. मला तेहतीस वर्षं झाली होती आणि माझी हौस फार मोठी नव्हती. कापडातलं ज्याला कळतं अशा एका माणसानं हूड बघावं, मग माझ्याकडे बघावं आणि म्हणावं, हे तुम्ही शिवलंत. बस्स. दुसरं काही नको होतं. पण ते मला इतकं हवं होतं की मी दिवस मोजायला लागले.

त्या आधी खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं, मशिनं, गाड्या, सगळ्यांची पूजा. ज्ञानेशच्या डोक्यात आलं, नानांना खूश करू, आपल्या मळ्यातल्या माळा हिरवीला घालू. मी आणि आईनं पहाटेपासून तीन टोपल्या झेंडू ओवला. आणि आम्ही पडलो फुलवाले. माळेवर पाणी मारल्याशिवाय ती आमच्या घराबाहेर जात नाही, हातालाच सवय. माळा ओल्या पोत्यात गुंडाळताना मी ज्ञानेशला बजावलं, "माळा बॉनेटवर घाल. हुडाला पाणी लागू देऊ नको. आणि येताना हूड चढवून ये."

"हो गं ताई, किती वेळा सांगशील!"

परत आला तो फुशारक्या मारतच. गाडी उघडीच छान दिसते म्हणून त्यानं स्वतः हूड मिटलं. मिटलेल्या हुडावर सगळ्या माळा गोल रचल्या, नवरदेवाच्या घोड्याला घालतात तशा भरगच्च. नानांनी बायको-नातवंडांना घेऊन गावातून चक्कर मारली, सगळं निफाड बघत होतं. मग गाडी शेडमध्ये.

"आणि हूड?" मी विचारलं.

"अगं, पूजेची माळ अशी काढतात का कधी? सुकून आपोआप पडेपर्यंत राहू द्यायची. मी माळा उपसून हूड चढवलं असतं तर नाना काय म्हणाले असते? अपशकुन केला म्हणाले असते."

म्हणजे पाणी ठिबकणारा मणभर झेंडू मिटलेल्या हुडावर, वर बंद शेड. मी म्हटलं, "उद्याच्या उद्या जा. माळा नदीत सोड म्हणावं. हूड उन्हात चढव." तो हो म्हणाला. दिवाळीत विचारलं, "चढवलंस?" तर म्हणाला, "कधीच चढवलं." डिसेंबरात विचारलं तर चिडला. "ताई, तुला माझ्यावर विश्वासच नाही." निफाड काय लांब आहे? एसटीनं तासाभराचं. पण कोणाच्या बंगल्यावर मी कोण म्हणून जाणार होते?

मेळावा जानेवारीत गंगापूर रोडला एका मैदानावर होता. त्या आठवड्यात निफाडला थंडीनं कहर केला होता, बागायतदार द्राक्षबागांत शेकोट्या पेटवत होते. नानांनी पहाटेच्या त्या थंडीत हिरवी उघडी चालवत आणली, कानटोपी घालून. ज्ञानेशनं मला बरोबर नेलं. "ये, पण थोडी मागं राहा. शेठ आले की मी बोलावतो." मी भाऊबिजेची मोरपंखी साडी नेसले होते.

साडेआठ वाजले होते. नाना चहाला गेले आणि मी हिरवीजवळ गेले. मिटलेल्या हुडावरचं फडकं काढलं आणि आधी वास आला. कुजका, गोडसर. घड्यांत झेंडूच्या काळ्या पडलेल्या पाकळ्या चिकटल्या होत्या. बुरशीचे ठिपके, हळदीकुंकवाचा ओघळ, मागची काच चुरगळून पांढरी झालेली. म्हणजे खंडेनवमीपासून ते एकदाही उघडलेलं नव्हतं. मी कमानी उभ्या केल्या आणि हूड हळूहळू पुढं आणलं. कापड पत्र्यासारखं कडक. काचेच्या चौकटीला ते तीन बोटं कमी पडलं.

मला रडायला आलं असतं, पण काम समोर असलं की मला रडू येत नाही. मी ज्ञानेशला बाजूला घेतलं. "ऐक. अजून जाईल ते जागेवर. गाडी उन्हात घेऊ. मागची सगळी बटणं सोड, दारं लाव, हूड असंच अर्धं उभं राहू दे. आतून कोमट फडकं फिरवते. बारा वाजता आपण दोघं मिळून ओढू, बोटाबोटानं. आपली गाडी शेवटी बघा म्हणावं."

"बारा? शेठ दहाला येणार आहेत!"

"मग सांग त्यांना."

"काय सांगू?"

"खरं सांग. खंडेनवमीच्या माळा सांग. माझ्या भावानं ओल्या माळा हुडावर घातल्या म्हणून सांग!"

त्याचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात नाना आलेच. "काय रे, काय झालं?" ज्ञानेश म्हणाला, "काही नाही नाना, थंडीनं जरा आखडलंय. आत्ता बसवतो." आणि त्यानं आजूबाजूच्या गाड्यांचे दोन ड्रायव्हर बोलावले. दांडगे होते. तिघांनी पट्टी धरली.

मी त्याचं मनगट पकडलं. "ज्ञाना, फाटेल."

"सोड ताई. लोक बघतायत."

"बघू देत. तुला सांगते ते ऐक, फाटेल ते!"

"मागं हो म्हटलं ना!"

त्यांनी हिसका दिला. टर्र असा आवाज झाला. उजव्या कोपऱ्यात, बटणाच्या शेजारी, वीतभर फाटलं. शिलाई उसवली नाही. हे मी पुन्हा सांगते, शिलाई उसवली नाही, एक टाका सुटला नाही. कापड फाटलं. पण वीतभर भोक पडल्यावर शिलाई कोण बघतो?

आणि दीपकशेठ त्याच वेळी तिथं येऊन पोचले होते. चष्मा पुसत उभे होते. त्यांनी सगळं बघितलं.

नानांचं तोंड बघवत नव्हतं. मुंबईच्या माणसासमोर शोभा झाली होती त्यांची. "ज्ञानेश," ते म्हणाले, "हे काम तुझं? हे?"

ज्ञानेशनं पट्टी हातातून सोडली. मी त्याच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलेल. लहानपणी आंबा चोरून खाल्ला की शेवटी बोलायचा तसा बोलेल.

"नाना, खरं सांगू?" तो म्हणाला. "हे मी शिवलेलंच नाही. तुम्ही गाडी ठेवून गेलात आणि मी तापानं आडवा झालो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." आणि त्यानं माझ्याकडे बोट केलं. "ही माझी बहीण, सुवर्णा. हे हिनं शिवलंय."

सगळ्यांसमोर सांगितलं त्यानं. जसं कबूल केलं होतं, अगदी तसं.

"तरीच!" नाना म्हणाले. "अरे मग मला तेव्हाच सांगायचं ना. एवढं नाजूक काम बाईमाणसाच्या हाती देतात का? मी थांबलो असतो महिनाभर."

दीपकशेठ पुढं आले. फाटलेल्या जागी बोट फिरवलं, मग माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर मी भांडले असते. कीव होती. "ताई," ते म्हणाले, "प्रयत्न चांगला आहे तुमचा. पण हे काम फार अवघड असतं."

मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "शेठ, तुम्हाला कापडातलं कळतं ना? मग हात लावून बघा. ओलं मिटून तीन महिने ठेवलंय हे, म्हणून आखडलंय. शिलाई बघा. एक टाका तरी सुटलाय का? आणि हे मी शिवलंय, तसं त्या दुकानातलं गेल्या दहा वर्षांतलं प्रत्येक हूड मी शिवलंय. सोराबशेठचं जुनं हूडसुद्धा वडलांनी नाही, मी शिवलं होतं. तुम्हाला जे आवडलं ते हेच, माझंच!"

दीपकशेठ क्षणभर थबकले. खाली वाकले, शिलाईवर नखही फिरवलं त्यांनी. मग त्यांनी ज्ञानेशकडे बघितलं. ज्ञानेशनं मान खाली घातली आणि अगदी हळू, मायेनं म्हणाला, "शेठ, तिचं मनाला लावून घेऊ नका. सासरहून आल्यापासून जरा असंच आहे."

आणि सगळ्यांना एकदम कळलं. बाईच्या बाबतीत लोकांना किती पटकन कळतं! नानांनी कानटोपी काढून हातात घेतली. एक ड्रायव्हर पायानं माती उकरायला लागला. दीपकशेठनी हात जोडले आणि पुढच्या गाडीकडे गेले. मी मोरपंखी साडीत तिथं उभी होते, आणि हिरवीचं हूड वाऱ्यानं फडफडत होतं.

घरी गेल्यावर आई म्हणाली, "त्यो वाईट नाय गं. लय घाबरला असंल."

"घाबरला म्हणून माझा गळा कापायचा?"

"भाऊ हाय तुझा."

"मी कोण आहे मग?" मी विचारलं. आई ताट वाढायला उठली. त्या दिवसापासून मी ज्ञानेशबरोबर जेवायला बसले नाही.

आठ दिवसांनी दीपकशेठचा फोन आला. माणूस खरंच दर्दी. म्हणाले, तुमच्या दुकानाचं नाव मी बरंच ऐकलंय, एक गाडी देऊन बघतो. पण अट एकच. ज्ञानेशनं स्वतः शिवायचं, बहिणीचा हात लागता कामा नये. ज्ञानेश कापडाचा गठ्ठा आणि मापाचा कागद घेऊन मखमलाबादला घरी आला, आणि गठ्ठा माझ्यासमोर ठेवला.

"ताई, झालं गेलं विसर. घे. मापं आणलीत."

"शेठनी काय सांगितलंय?"

"त्यांना काय कळणार आहे कोणी शिवलं ते? शीव तू."

"शेठनी सांगितलंय की बहिणीचा हात लागता कामा नये," मी म्हटलं. "नाही लागणार."

तो आधी हसला. मग विनवण्या केल्या, मग ओरडला. घराण्याची अब्रू, तात्यांचं नाव, सगळं काढलं. तात्यांचं नाव ऐकून माझा हात गठ्ठ्याकडे गेलासुद्धा. कापड चांगलं होतं हो, फार चांगलं होतं. पण मी उठले आणि खुरपं घेऊन मळ्यात गेले. दुसऱ्या दिवसापासून दुकानाचं तोंड बघितलं नाही.

ते हूड त्यानं शिवलं. कसं शिवलं असेल ते मला बघायची गरज नव्हती. त्यानं एक बोट कमी कापलं असणार, कारण तसं कापतात एवढं त्याला ऐकून माहीत, पण ते उन्हात परत कसं मिळवायचं ते माहीत नाही. पहिल्या पावसात शेठच्या गाडीत तळं झालं. फोन आला तेव्हा मी पडवीत मेथीच्या जुड्या बांधत होते. ज्ञानेश आतून बोलत होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"शेठ, माफ करा. काय सांगू तुम्हाला, मी नको नको म्हणत असताना ताईनं हट्टच धरला..."

मी आत गेले नाही. काय करणार होते आत जाऊन? पुन्हा सांगायचं की हे मी नाही शिवलं? हिरवीचं मी शिवलं म्हटलं तेव्हा कोणी ऐकलं नाही, नाही शिवलं म्हटल्यावर कोण ऐकणार होतं? माझ्या हातातली जुडी सुटली, मी ती पुन्हा बांधली.

याला आता तीन वर्षं झाली. मी मशीनला हात लावलेला नाही. पण नाशकात एखाद्या जीपचं हूड गळलं, रिक्षाचा पडदा उसवला, ट्रॅक्टरची सीट फाटली की ते काम माझं असतं. ज्ञानेशचं दुकान मस्त चाललंय. चुकलेलं सगळं खपवायला त्याला मी आहे. परवा भाजीबाजारात एक जीपवाला मेथी घ्यायला थांबला. माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही ज्ञानेशभाऊंच्या ताई ना? राग मानू नका, पण भाऊंना सांगा, माझ्या जीपचं हूड या वेळी त्यांनी स्वतः शिवायचं."

"सांगते," मी म्हटलं, आणि त्याला दोन जुड्या पिशवीत घालून दिल्या.